गुलाबी कॉलनी, ९८.२ टक्के आणि नव्या प्रजातीचा दावा

प्रश्न थोडक्यात असा: "गोड्या पाण्याच्या पाणथळ जागेतल्या गाळातून मी एक गुलाबी कॉलनी वेगळी केली. १६एस जीनचा (जीवाणू ओळखण्यासाठी वाचला जाणारा जीन) सिक्वेन्स सगळ्यात जवळच्या ज्ञात प्रजातीशी ९८.२ टक्के जुळतो. ही नवी प्रजाती म्हणायची का? तशी असेल तर जाहीर करेपर्यंत काय काय करावं लागतं? आणि कल्चर कलेक्शनकडे (जिवंत जीवाणू जपून ठेवणाऱ्या संग्रहाकडे) स्ट्रेन, म्हणजे मी वेगळा काढलेला वाण, कधी पाठवायचा?"

नवी असण्याची शक्यता चांगली आहे. पण त्या आकड्यावर फार भार टाकू नका. पाणथळ जागेत नवं काही सापडणं ही फारशी दुर्मिळ गोष्ट नाही. रीतसर नाव मिळालेल्या जीवाणूंच्या प्रजाती आजमितीला २० हजारांच्या वर आहेत, आणि कुठल्याही दलदलीतला चमचाभर गाळ घेऊन त्यातला डीएनए वाचला तर निघणारे बरेचसे सिक्वेन्स अजून नाव नसलेल्यांचे असतात. खरं काम त्यानंतरचं आहे. तो जीव जिवंत ठेवायचा, शुद्ध आहे हे दाखवायचं, आणि दुसऱ्या कुणालाही त्याची इतरांशी रास्त तुलना करता येईल अशा अवस्थेत आणून ठेवायचा. बहुतेक दावे अडतात ते इथेच, नवेपणावर नाही.

तुमचा सगळ्यात जवळचा नातलग कोणत्या जीनसमधला, म्हणजे प्रजातींच्या वरच्या कोणत्या गटातला, आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये गुलाबी कॉलनी दिसली की पहिला संशय मिथायलोबॅक्टेरियमवर जातो. हा जीवाणू पानांवर असतो, नळाच्या पाण्यात असतो, हवेतून उडत येतो आणि सावकाश वाढतो. त्यामुळे तीन आठवडे ठेवलेल्या प्लेटवर तो सगळ्यांच्या शेवटी उगवतो आणि गाळातून आल्यासारखा वाटतो. म्हणून नमुना न टाकता, फक्त डायल्युशनचं पाणी टाकलेल्या कोऱ्या प्लेट तेवढाच काळ त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या होत्या का, ते आधी वहीत बघा. ठेवल्या नसतील तर ज्या गाळातून काढलात त्यातच तुमचा सिक्वेन्स शोधा. गाळाचा थोडा भाग गोठवून ठेवलेला असेल तर त्याच्या डीएनएमध्ये तो दिसायला हवा. अगदी कमी प्रमाणात दिसला तरी चालेल. अजिबात न दिसणं मात्र थोडं अस्वस्थ करणारं आहे.

अर्थात गुलाबी रंगामुळे हिरमुसण्याचंही कारण नाही. जपानमधल्या एका गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या बोरूच्या, म्हणजे फ्रॅग्मायटिसच्या, मुळांवरून वेगळा केलेला आर्माटिमोनास रोझिया हाही गुलाबीच. त्याचं वर्णन २०११ मध्ये छापून आलं आणि त्याच्यासोबत एक अख्खं फायलम, म्हणजे वर्गीकरणातला एक मोठा गट, उभं राहिलं. तोवर ते फायलम 'ओपी-१०' या सांकेतिक नावाने फक्त डीएनएच्या रूपात माहीत होतं.

रंग कशाचा आहे हे बघायला अर्धा दिवस पुरतो. प्लेटवरून पेशी खरवडून काढा, अंधारात अ‍ॅसिटोन आणि मिथेनॉलच्या मिश्रणात रंगद्रव्य उतरवा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४०० ते ९०० नॅनोमीटरचा स्कॅन घ्या. ४५० ते ५५० च्या दरम्यान फक्त दोन-तीन उंचवटे दिसले तर ते कॅरोटिनॉइड. त्यांच्या जोडीला ७७० च्या आसपास एक वेगळं शिखर आलं तर बॅक्टेरिओक्लोरोफिल-ए आहे, म्हणजे तुमचा जीवाणू प्रकाशाचा उपयोग करून घेतो. मग वर्णनाचा सगळा रोख बदलतो. हे आधीच कळलेलं बरं, कारण अशा जीवाणूला उजेडात आणि अंधारात, हवेत आणि हवेविना, असं चारही प्रकारे वाढवून बघावं लागतं. काही स्ट्रेन हे रंगद्रव्य सतत तीव्र उजेडात ठेवले तर बनवतच नाहीत, तेव्हा स्कॅनसाठीच्या पेशी अंधारात वाढवलेल्या घ्या.

आता गाळाबद्दल. "गाळातून" एवढं लिहून भागत नाही. पाणथळ जागेतल्या गाळात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. त्याखाली आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट वापरणारे जीवाणू येतात, आणि गोड्या पाण्यात सल्फेट मुळातच कमी असल्यामुळे थोड्याच खोलीवर मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांचं राज्य सुरू होतं. हे थर अगदी सरळही नसतात. पाणवनस्पतींची मुळं पोकळ ऊतींमधून खाली हवा नेतात आणि ती मुळांभोवती झिरपते. गाळाचा उभा कोअर कापून पाहिला तर काळ्या चिखलात मुळाभोवती तांबूस गंजाची बारीक नळी स्पष्ट दिसते. ती नळी आणि तिच्यापासून सेंटिमीटरभर दूरचा काळा चिखल ही जीवाणूंच्या दृष्टीने दोन वेगळी गावं. मिथेन खाणारे जीवाणू नेमके या सीमेवर गर्दी करतात, कारण खालून मिथेन येतो आणि मुळातून प्राणवायू.

त्यामुळे नमुना बादलीत ढवळून आणला असेल तर तुमचा जीवाणू कुठे राहतो हे आता सांगता येणार नाही. पुढच्या वेळी टोक कापलेली सिरिंज गाळात उभी दाबून छोटा कोअर घ्या, हवा राहणार नाही असा बंद करा, थंड ठेवा, पण वाढवण्यासाठीचा भाग गोठवू नका. डीएनएसाठीचा भाग वेगळा काढून उणे ८० अंशांना टाका. पाण्याचं तापमान, पीएच, विद्युतवाहकता, खोली, अक्षांश-रेखांश आणि तारीख जागेवरच लिहा. आणि परवानगीचे कागद! आपल्या देशाच्या जैवविविधता कायद्यानुसार लागणारी परवानगी नमुना घेण्याआधीच काढावी. जैविक साधनसंपत्तीच्या वापराबद्दलचा नागोया करार २०१४ मध्ये लागू झाल्यापासून परदेशी कल्चर कलेक्शन हे कागद मागतात आणि त्याशिवाय स्ट्रेन स्वीकारत नाहीत. लॅबमधलं सगळं काम झालं, लेख लिहून तयार झाला आणि स्ट्रेन कागदासाठी अडला, असं वारंवार होतं.

वाढवण्याच्या पद्धतीवर जरा सविस्तर लिहितो, कारण नव्या प्रजाती खऱ्या अर्थाने हाती लागतात त्या माध्यम, म्हणजे जीवाणूंचं अन्न, बनवण्याच्या टेबलावर. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशी आणि प्लेटवर उगवलेल्या कॉलनी यांच्यातली दरी जुनीच आहे. १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी तिला नाव दिलं, तेव्हापासून ती प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तिची कारणं मात्र एकसारखी नाहीत, आणि त्यातली काही आपणच निर्माण केलेली आहेत. न्यूट्रिएंट अ‍ॅगर हे दलदलीतल्या बहुतेक जीवाणूंसाठी फार श्रीमंत जेवण आहे. आर२ए हे कमी अन्नाचं माध्यम बरं, दहापट विरळ केलेलं आर२ए त्याहून बरं. दुसरी गोष्ट कमी लोक पाळतात. फॉस्फेट आणि अ‍ॅगर एकत्र ऑटोक्लेव्ह केले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक पेशी त्यातच मरतात. जपानी संशोधकांनी हे २०१४ मध्ये व्यवस्थित दाखवलं. फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून, दोन्ही थोडं निवाल्यावर मिसळलं तर त्याच नमुन्यातून जास्त कॉलनी येतात. एवढ्याशा बदलाला खर्च शून्य. अ‍ॅगरऐवजी जेलन गम वापरून बघण्यासारखा आहे. गोड्या पाण्यातल्या अगदी बारीक अ‍ॅक्टिनोबॅक्टेरियांचा एक गट वर्षानुवर्षं कुणाला टिकवता येत नव्हता. माध्यमात कॅटलेज हे पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम घातल्यावर तो वाढायला लागला. कारण पुन्हा तेच, पेरॉक्साइड.

मग धीर. प्लेट वाळू नयेत म्हणून पिशवीत घालून बंद करा आणि रोज उगवणाऱ्या कॉलनीभोवती मागच्या बाजूने मार्करने गोल काढत जा, दर आठवड्याला वेगळ्या रंगाने. पहिल्या आठवड्यातल्या रंगाचे गोल जवळपास सगळे ओळखीचे निघतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यातल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या, तिरक्या उजेडातच दिसणाऱ्या कॉलनींकडे मी पहिल्यांदा जातो. मोठ्या कॉलनीच्या कडेलाच उगवलेली बारीक कॉलनी दिसली तर ती एकटी उचलून वाढते का ते बघा. वाढली नाही तर तिला शेजाऱ्याकडून काहीतरी मिळत असावं. तेव्हा शेजाऱ्याच्या गाळलेल्या ब्रॉथचे थेंब घालून बघायचं.

पीटच्या आम्लधर्मी दलदलींचं उदाहरण मी नेहमी देतो. या दलदलींत मिथेन खाणारे जीवाणू असणार हे माहीत होतं, पण जुन्या क्षारयुक्त, उदासीन पीएचच्या माध्यमांवर जे यायचं ते त्या जागेचं खरं रहिवासी नव्हतं. रशियाच्या स्वेतलाना देदिश आणि सहकाऱ्यांनी माध्यम पीटच्या पाण्यासारखं केलं, म्हणजे आम्लधर्मी आणि अगदी कमी क्षारांचं, आणि वाट पाहिली. १९९८ मध्ये त्यांनी ते जीवाणू वेगळे केल्याचं जाहीर केलं आणि २००० मध्ये मिथायलोसेला पॅलुस्ट्रिस हे नाव आलं. त्यात एक गंमत होती. मिथेन वापरणाऱ्या जवळपास सगळ्या जीवाणूंमध्ये पेशीच्या पटलाला चिकटलेलं मिथेन मोनोऑक्सिजनेज असतं, आणि त्याच्या जीनवरूनच लोक निसर्गात असे जीवाणू शोधायचे. मिथायलोसेलाकडे ते एन्झाइम नव्हतंच, फक्त विद्राव्य प्रकारचं होतं. म्हणजे केवळ तो जीन शोधत बसलेल्या सर्वेक्षणांना हा जीवाणू दिसणं शक्यच नव्हतं. पुढे २००५ मध्ये कळलं की मिथायलोसेला मिथेनबरोबर अ‍ॅसिटेटसारख्या पदार्थांवरही वाढते. याआधी असे दावे झाले होते आणि ते दूषित कल्चरचे निघाले होते, म्हणून या वेळी शुद्धतेचा पुरावा अनेक अंगांनी द्यावा लागला. तुम्ही मिथेनवर काही वाढवणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: हवेत ५ ते १५ टक्के मिथेन हे मिश्रण स्फोटक असतं. बाटल्या भरताना जवळ ज्योत नको.

शुद्धतेवर थांबू या. कॉलनी तीनदा स्ट्रीक मारून (नव्या प्लेटवर रेघा ओढत पसरवून) एकसारखी दिसली म्हणजे कल्चर शुद्ध, हा समज दलदलीतल्या सावकाश वाढणाऱ्यांना लागू होत नाही. त्यांच्या चिकट आवरणात दुसरे जीवाणू मुक्कामाला असतात आणि प्रत्येक स्ट्रीकबरोबर सोबत येतात. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली जाड-बारीक दोन आकार दिसतात का ते बघा. जोमदार माध्यमावर दाट थेंब टाका. तुमचा जीवाणू तिथे वाढत नसेल पण काहीतरी उगवलं, तर पाहुणा सापडला. सिक्वेन्सचा ग्राफही बरंच सांगतो. सुरुवातीपासूनच शिखरांखाली दुसरी बुटकी शिखरं दिसली तर मिश्रण समजा. एका जागेपर्यंत शिखरं स्वच्छ आणि तिथून पुढे सगळी दुहेरी, असं असेल तर बहुधा त्याच जीवाणूच्या जीनोममधल्या १६एसच्या दोन प्रतींमध्ये एखाद्या अक्षराची कमीजास्ती आहे, आणि ती अशुद्धता नव्हे. सुरुवातीच्या काही पिढ्यांमध्येच ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० ला ठेवा आणि महिन्याभराने त्यातली एक कुपी उघडून जिवंत आहे का ते बघा. हे जीवाणू गोठवल्यावर मरतात असं अनुभवाला येतं. ग्लिसरॉलमध्ये मेले तर डीएमएसओमध्ये करून बघायचं.

आता तुमचे ९८.२ टक्के. पहिला प्रश्न, किती लांबीच्या सिक्वेन्सवर? एका बाजूने वाचलेल्या ७००-८०० अक्षरांवर असेल तर आकडा विसरा. जीन सुमारे १५०० अक्षरांचा आहे आणि त्याचे काही भाग फार बदलतात, काही अजिबात बदलत नाहीत. कोणता अर्धा वाचलात त्यावर टक्का वर-खाली होतो. दुसरा प्रश्न, तुलना कशाशी केली? ब्लास्ट या सिक्वेन्स जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साध्या शोधात वरच्या पन्नास ओळी "अनकल्चर्ड बॅक्टेरियम" किंवा चुकीच्या नावाने टाकलेल्या सिक्वेन्सच्या असू शकतात. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीचं नाव ज्या स्ट्रेनला बांधलेलं असतं त्याच्याशी, करायची. ईझीबायोक्लाउडसारखा डेटाबेस त्यासाठीच आहे. आणि नावं सध्या रीतसर आहेत का ते एलपीएसएन या जीवाणूंच्या नावांच्या सूचीत तपासायचं.

पूर्ण लांबीवर, टाइप स्ट्रेनशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वेगळी प्रजाती असण्याची शक्यता पुष्कळ. पूर्वी हीच रेषा ९७ वर होती. त्यामुळे जुन्या लेखांमध्ये ९८.२ ला "तीच प्रजाती" म्हटलेलं सापडेल, गोंधळू नका. उलट बाजू मात्र जास्त महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते: ९८.७ च्या वर असलं म्हणजे तीच प्रजाती, असं अजिबात नाही. गोड्या पाण्यातलं पॉलिन्यूक्लिओबॅक्टर घ्या. या जीनसमधल्या कितीतरी प्रजातींचे १६एस एकमेकांशी ९९ टक्क्यांच्या वर जुळतात आणि जीनोम मात्र सरळसरळ वेगळे. त्यांच्यातल्या पहिल्याचं वर्णन १९८७ मध्ये झालं तेव्हा तो युप्लोटिस या एकपेशीय जीवाच्या आत राहणारा सहजीवी होता. त्याचे मोकळे राहणारे भाऊबंद नंतर तळ्या-डबक्यांतून निघाले, त्यातले बरेच ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून पार होणाऱ्या पाण्यातून. नुसतं १६एस बघत बसलेल्याला हे सगळे एकच वाटतील.

म्हणून जीनोम. २०१८ पासून तो करणं किमान निकषांतच आलं आहे आणि आता त्याचा खर्च इतका कमी आहे की न करण्याला सबब उरलेली नाही. जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनशी, एकाशी नव्हे, एएनआय काढा, म्हणजे दोन जीनोममधल्या अक्षरांची सरासरी जुळणी. ९५-९६ टक्क्यांच्या खाली वेगळी प्रजाती. डिजिटल डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशन ७० टक्क्यांच्या खाली हवं. ही ७० ची रेषा १९८७ मधली आहे. तेव्हा दोन जीवाणूंचा डीएनए प्रत्यक्ष नळीत एकत्र करून जुळणी मोजत असत. प्रयोगशाळा बदलली की आकडा बदलायचा असं ते काम होतं. आता तेच संगणकावर होतं आणि निदान सगळ्यांचं उत्तर एक येतं. दोन्ही पद्धती बहुधा एकमत होतात. एएनआय ९५.६ आणि हायब्रिडायझेशन ६६ अशा उंबरठ्यावर अडकलात तर घाई करू नका. आणखी स्ट्रेन मिळवा, मग बोला. जीनोमची पूर्णता आणि दूषितपणा चेकएमसारख्या प्रोग्रॅमने तपासा, वाचनाची खोली ५० पट तरी ठेवा. जीनोममधून काढलेला १६एस आणि तुम्ही सँगर पद्धतीने वाचलेला १६एस एकच आहेत ना, हे ताडून बघा. नळ्यांची अदलाबदल झालेली असेल तर ती इथेच पकडली जाते.

जीटीडीबी या डेटाबेसमधल्या, जीनोमवरून रचलेल्या वंशवृक्षाच्या झाडात तुमचा जीनोम कुठे बसतो तेही जरूर बघा. शक्यता अशी आहे की तुमची "नवी" प्रजाती तिथे आधीच आकड्यांच्या नावाने बसलेली असेल, म्हणजे कुणीतरी दुसऱ्या पाणथळ जागेतल्या मिश्र डीएनएमधून तिचा जीनोम जोडून काढलेला असेल. यात वाईट काही नाही, उलट फायदाच आहे. तुमच्याकडे जिवंत कल्चर आहे, त्यांच्याकडे ठिकाणांची नोंद. दोन्ही मिळून ती प्रजाती कुठे कुठे राहते हे तुम्ही लिहू शकता. एकट्या स्ट्रेनवरून ते कधीच लिहिता आलं नसतं.

प्रजातीच्या वर, जीनस ठरवताना, आकडे आणखी ढिले होतात. अमिनो आम्लांच्या सरासरी जुळणीची ६५ टक्क्यांच्या आसपासची रेषा वापरतात, सामायिक प्रथिनांची ५० टक्क्यांचीही. काही कुळांत यातली एक चालते, काहींत दोन्ही फसतात. माझं मत विचाराल तर झाडाकडे बघा. तुमची फांदी जवळच्या जीनसच्या आत शिरत असेल तर नवा जीनस काढू नका, आकडा काहीही म्हणो. नवा जीनस काढल्याने लेखाचं वजन वाढतं हे खरं, पण पुढच्यांना नावांची साफसफाई करावी लागते. वरच्या पातळीवर ती कटकट सध्या सगळेच भोगतोय. २०२१ मध्ये फायलमच्या नावांना रीतसर मान्यता मिळाली आणि प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा झालं, फर्मिक्यूट्सचं बॅसिलोटा. जुने लेख शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात.

मग ते चाचण्यांचे लांबलचक तक्ते. कोणत्या साखरांवर वाढतो, एन्झाइमच्या पट्ट्या, फॅटी अ‍ॅसिड, क्विनोन, ध्रुवीय लिपिड. नियम म्हणून ते करावे लागतात आणि समीक्षक मागतात. सगळ्यांचं मोल मात्र सारखं नाही. फॅटी अ‍ॅसिडचं प्रमाण माध्यम, तापमान आणि कल्चरचं वय यानुसार बदलतं. त्यामुळे तुमच्या स्ट्रेनचे आकडे तुमचे आणि जवळच्या टाइप स्ट्रेनचे आकडे कुणाच्यातरी जुन्या लेखातून उचललेले, असा तक्ता निरुपयोगी. टाइप स्ट्रेन मागवून त्याच माध्यमावर, त्याच दिवशी, शेजारी शेजारी वाढवायचे. तयार पट्ट्यांच्या चाचण्या रुग्णालयातल्या जोमाने वाढणाऱ्या जीवाणूंसाठी बनलेल्या आहेत. विरळ अन्नावर आठवड्याने वाढणारा जीवाणू तिथे सगळीकडे "निगेटिव्ह" देतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी जीनोम काय सुचवतो ते बघून नेमकी चाचणी लावा. नायट्रोजन स्थिरीकरणाचे जीन असतील तर नायट्रोजन नसलेल्या माध्यमावर वाढ आणि अ‍ॅसिटिलीनची चाचणी. मिथेनॉल वापरण्याचे जीन असतील तर मिथेनॉलवर वाढ. तापमान, पीएच आणि मीठ यांच्या मर्यादा मात्र नीट, बारीक टप्प्यांत काढा. पाणथळ जागेतल्या जीवाणूबद्दल सगळ्यात बोलका आकडा बहुतेक वेळा मिठाचाच असतो.

एकाच स्ट्रेनवर प्रजाती जाहीर करायला परवानगी आहे, आणि बहुसंख्य वर्णनं तशीच छापली जातात. मला ते पटत नाही. एका स्ट्रेनवरून प्रजातीतली विविधता कळत नाही, आणि गुलाबी रंग हा प्रजातीचा गुण की त्या एका स्ट्रेनचा हेही कळत नाही. त्याच गाळातून, शक्य तर दुसऱ्या हंगामात दुसऱ्या जागेवरून, त्याच पद्धतीने आणखी दोन-तीन मिळतात का बघा. एकाच प्लेटवरच्या दहा कॉलनी म्हणजे दहा स्ट्रेन नव्हेत, त्या एकाच पेशीच्या लेकी असू शकतात.

नावाचं थोडक्यात. नाव लॅटिन व्याकरणाप्रमाणे हवं, विशेषणाचं लिंग जीनसच्या लिंगाशी जुळायला हवं. स्वतःचं नाव जीवाणूला देऊ नये, तो संकेत आहे. आयजेएसईएम या नियतकालिकात वर्णन छापलं की नाव वैध होतं. दुसरीकडे छापलं तर आयजेएसईएमच्या वैधतेच्या यादीत ते समाविष्ट व्हावं लागतं, त्यासाठी लेखाची प्रत आणि प्रमाणपत्रं पाठवायची असतात. कितीतरी लोक हे करायचं विसरतात आणि नाव वर्षानुवर्षं अधांतरी राहतं. या सगळ्या नावांची पाटी १ जानेवारी १९८० ला पुसून नव्याने मांडली गेली. त्या दिवशीच्या मान्य यादीत नसलेली जुनी नावं रद्द झाली. म्हणून तुम्हाला आवडलेलं नाव एखाद्या शंभर वर्षांपूर्वीच्या लेखात सापडलं तरी ते आज मोकळं असू शकतं.

तुमचा जीवाणू पुढे मेलाच, किंवा कधी शुद्ध झालाच नाही, तर काय? तर जीनोमवरून कँडिडेटस, म्हणजे तात्पुरतं उमेदवार म्हणून, नाव देता येतं. १९९० च्या दशकात निघालेली ही सोय आहे, पण त्या नावाला नियमांत मान नाही. २०२२ मध्ये आलेल्या सीककोड या नव्या नियमावलीने जीनोमलाच टाइप मानून नाव नोंदवण्याची वेगळी वाट उघडली. दोन्ही पद्धती सध्या शेजारी शेजारी चालू आहेत आणि लोकांची मतं तीव्र आहेत. हातात जिवंत कल्चर असताना मी सीककोडकडे जाणार नाही. पण न वाढणाऱ्यांना कायम बिननावाचं ठेवण्यातही अर्थ नाही. प्लँक्टोमायसिस बेकेफिआयचंच बघा. १९२४ मध्ये बुडापेस्टमधल्या तळ्याच्या पाण्यात गिमेशी यांनी तो पाहिला आणि बुरशी म्हणून नोंदवला. तो जीवाणू आहे हे जवळपास अर्धशतकानंतर कळलं, त्याच्या नावावरून जीवाणूंचा अख्खा गट ओळखला गेला, आणि तो स्वतः मात्र अजून कुणालाही वाढवता आलेला नाही. त्याच्या पेशींच्या फुलासारख्या झुबक्यांमधून जीनोम हाती यायला २०२० उजाडलं.

राहिला कल्चर कलेक्शनचा प्रश्न. नियम असा आहे की टाइप स्ट्रेन निदान दोन देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवलेला हवा, आणि कुणालाही विनाअट मिळायला हवा. "आमच्या परवानगीशिवाय देऊ नये" अशी अट घातलीत तर नाव वैध होणार नाही. तुमच्या देशातला कायदा अशी अट घालत असेल तर संबंधित कार्यालयाशी आधी बोलून घ्या, लेख पाठवल्यावर नको. पाठवायची वेळ म्हणाल तर जीनोमचे आकडे हाती येताच. चाचण्यांचे तक्ते पूर्ण होईपर्यंत थांबू नका, कारण संग्रहात पोहोचल्यावर ते लोक स्वतः तो वाढवून, १६एस पुन्हा वाचून, सुकवून आणि परत जिवंत करून बघतात, आणि सावकाश वाढणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत यात महिने जातात. सोबत माध्यमाची कृती अगदी शेवटच्या ग्रॅमपर्यंत लिहून द्या. फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करायचं असेल तर तेही. तिथल्या माणसाने आपल्या नेहमीच्या माध्यमावर टाकला आणि तो वाढला नाही, तर "नमुना मृत" असं पत्र येतं. प्रमाणपत्र आल्यावर संग्रहाकडून त्याच स्ट्रेनची एक कुपी स्वतः मागवा, उघडा, वाढवा आणि तिचा १६एस वाचा. तो तुमच्या फ्रीझरमधल्या स्ट्रेनशी अक्षर न् अक्षर जुळला की मग लेख पाठवा.